आधी दीक्षा, मग गणवेश

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी ‘एक राज्य, एक गणवेश’ हे धोरण अमलात आणले. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलामुलींना मोफत गणवेशाचे दोन संच द्यायचे. त्यांपैकी एक नियमित आणि दुसरा स्काऊट-गाईड विषयाला अनुरूप, असा तो निर्णय होता. पुढे काय झाले ते पालकांच्या आणि शिक्षकांच्या स्मरणात आहे. कपडे वेळेवर पोचले नाहीत. १५ ऑगस्टचे ध्वजवंदन अनेक गावांत जुन्याच कपड्यांवर झाले. जे गणवेश आले त्यांच्या मापाविषयी आणि शिलाईविषयी तक्रारी झाल्या. दुसऱ्या गणवेशाचे कापड शाळांकडे आले, तर सुमारे १०० रुपयांच्या शिलाईत शिंपी मिळेना. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवला.

या सगळ्या काळात चर्चा झाली ती कापडाची, कंत्राटाची, शिलाईच्या दराची. विरोधकांनी टीका केली, सत्ताधाऱ्यांनी खुलासे केले आणि आदेश फिरताच विषय संपला. एक प्रश्न मात्र फारसा कोणाच्या तोंडून ऐकू आला नाही. स्काऊटचा गणवेश ज्या लाखो बालकांच्या अंगावर चढवायचा होता, त्यांतील किती बालके खरोखर स्काऊट किंवा गाईड होती? वास्तविक, हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला जायला हवा होता.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यापुरता विचार केला तरी या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. सोयगाव-सिल्लोडपासून वैजापूर-पैठणपर्यंत नऊ तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळा पसरलेल्या आहेत. त्यांत शेकडो विद्यार्थ्यांच्या केंद्रशाळा आहेत, तशाच वाडी-वस्तीवरच्या दोन शिक्षकांच्या छोट्या शाळाही आहेत. दोन शिक्षकांनी चार इयत्ता सांभाळायच्या, पोषण आहाराची नोंद ठेवायची, ऑनलाइन माहिती भरायची, निवडणुकीचे काम आले की तेही करायचे. अशा शाळेत स्काऊटचा गणवेश पोचेल. पण स्काऊटचे पथक कोण उभे करणार? शासनाने वस्त्र पाठवले, त्या वस्त्रामागचे व्रत पाठवण्याची व्यवस्था मात्र केली नाही.

स्काऊट चळवळीत गणवेशाला स्वतंत्र अर्थ आहे. तेथे मूल आले की लगेच त्याला गळपट्टा बांधला जात नाही. किमान तीन महिने ते पथकात वावरते, प्रतिज्ञा आणि नियम समजून घेते, ध्वजाचा मान कसा राखावा, प्रथमोपचाराची पेटी कशी वापरावी, दोरीच्या साध्या गाठी कशा माराव्यात हे शिकते. दररोज एखादे सत्कृत्य करण्याची सवय लावून घेते. हा प्रवेशाचा टप्पा पूर्ण झाल्यावर दीक्षाविधी होतो. ध्वजाजवळ उभे राहून मूल आपल्या प्रतिष्ठेची शपथ घेते आणि त्यानंतर ते त्या गणवेशाचे मानकरी ठरते. म्हणजेच गणवेश ही त्या मुलाने मिळवलेली पहिली गोष्ट असते. भारतातील या प्रतिज्ञेत आणखी एक लक्षणीय तरतूद आहे. ईश्वराविषयीच्या कर्तव्याचा उच्चार करताना ‘ईश्वर’ या शब्दाऐवजी ‘धर्म’ हा शब्द घेण्याची मुभा आहे. ज्याने ही प्रतिज्ञा घेतली नाही, तिचा अर्थ ज्याला कोणी सांगितला नाही, त्याच्या अंगावरचा स्काऊटचा सदरा हा केवळ एक सदरा आहे.

पहिलीच्या मुलाच्या बाबतीत तर ही विसंगती अधिकच उघडी पडते. चळवळीच्या रचनेप्रमाणे साधारण ५ ते १० वर्षे वयाची मुले ‘कब’ आणि मुली ‘बुलबुल’ असतात. स्काऊट आणि गाईड यांचे वय १० वर्षांनंतर सुरू होते. कब-बुलबुलांची प्रतिज्ञा वेगळी, खेळ वेगळे, गोष्टी वेगळ्या आणि पायऱ्याही वेगळ्या. वयानुसार संस्काराची मात्रा बदलली पाहिजे, हा विचार त्यामागे आहे. सर्वांना एकाच ताग्यातून वेश देणाऱ्या योजनेत या विचाराला कितीसे स्थान मिळाले असेल?

हा गणवेश परकीय आहे, त्याचे इतके कौतुक कशाला, असेही कोणी म्हणेल. हा आक्षेप समजून घेण्याजोगा आहे. परंतु इतिहास वेगळे सांगतो. बेडन पॉवेल या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याने १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर पहिले शिबिर घेतले आणि १९०९ मध्ये बंगळुरूमध्ये भारतातील पहिले पथक निघाले, हे खरे. मात्र त्या पथकांची दारे युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठीच उघडी होती. भारतीय मुलांना शिस्त, संघटन आणि साहस शिकवले तर उद्या ती राज्यकर्त्यांवरच उलटतील, ही भीती सरकारला होती. दार उघडण्याची वाट पाहत न बसता भारतीयांनी स्वतःचे घर बांधले. १९१३ मध्ये श्रीराम वाजपेयी यांनी शाहजहांपूरला भारतीय मुलांचे पथक सुरू केले. १९१६ मध्ये डॉ. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने मद्रासेत स्वतंत्र भारतीय संघटना काढली आणि तिच्या गणवेशात टोपीच्या जागी भारतीय फेटा आणला. पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी यांनी प्रयागच्या सेवा समितीच्या छत्राखाली स्काऊट पथके उभी केली. या समितीचे स्वयंसेवक प्रयागच्या मेळ्यांत हरवलेल्यांना शोधत, बुडणाऱ्यांना वाचवत, आजाऱ्यांची शुश्रूषा करत. आपल्या नागपुरातही उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांच्यासारख्या थोर विधिज्ञाने आपल्या व्यापातून वेळ काढून या कार्याला वाहून घेतले होते.

१९२१ मध्ये बेडन पॉवेल भारतात आले, भारतीय मुलांना प्रवेश मिळाला आणि बेझंट यांची संघटना मूळ संघटनेत विलीन झाली. सेवा समिती मात्र स्वतंत्रच राहिली. १९३७ च्या भारतभेटीनंतर बेडन पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी अनुदार उद्गार काढले, तेव्हा स्वाभिमानी कार्यकर्ते पुन्हा बाहेर पडले आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी या धारा एकत्र येऊन ‘भारत स्काऊट्स’चा जन्म झाला, पुढल्या वर्षी गाईड्सही सामील झाल्या आणि पहिले राष्ट्रीय आयुक्त झाले ते पंडित कुंझरूच. ब्रिटिश राजाशी निष्ठेची जागा देशाविषयीच्या कर्तव्याने घेतली. गणवेशाचा मान, प्रतिज्ञेतील शब्द, नेतृत्वाचा अधिकार या प्रत्येक गोष्टीसाठी या देशात झगडा झालेला आहे. जी गोष्ट पूर्वजांनी मानाने मिळवली, ती आज अनुदानाच्या यादीतील एक वस्तू व्हावी, यासारखी खेदाची बाब दुसरी कोणती?

मराठवाड्याच्या भूमीला तर निष्ठा आणि शिस्त यांतील नाते कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. निजामी राजवटीत १९३८ साली औरंगाबादच्या आणि हैदराबादच्या विद्यार्थ्यांनी वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटले. बंदी आली. गाणे थांबवा किंवा शिक्षण सोडा, असा पर्याय समोर ठेवला गेला, तेव्हा विद्यार्थ्यांनी दुसरा पर्याय पत्करला. काढून टाकलेल्यांपैकी कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. त्या मुलांच्या अंगावर कोणता एकसारखा वेश नव्हता, छातीवर बिल्ला नव्हता. तरीही संस्थेचा नियम केव्हा पाळायचा आणि विवेकाची हाक केव्हा ऐकायची, याचे भान त्यांच्यापाशी होते. बालसंघटनांच्या सर्व नियमांची अंतिम कसोटी हेच भान आहे. नियम पाळणारे मूल घडवणे सोपे असते. त्याला नियमामागचे कारण कळावे, यासाठी मात्र त्याच्यासोबत वर्षे घालवावी लागतात.

गणवेश कसा असावा हा काळ्या दगडावरच्या रेघेचा विषय नाही, हे शाखेत वाढलेल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सुरुवातीच्या काळात सदराही खाकी होता. १९४० मध्ये तो पांढरा झाला आणि २०१६ च्या विजयादशमीला अर्ध्या विजारीची जागा तपकिरी रंगाच्या फुल पँटने घेतली. रंग बदलला, कापड बदलले. परंतु एक गोष्ट बदलली नाही. स्वयंसेवक आपला गणवेश स्वतःच्या पैशाने घेतो. विद्यार्थी असेल तर खाऊचे पैसे साठवून घेतो, मजूर असेल तर एका मजुरीची काटकसर करून घेतो. त्यामुळे त्या कपड्यावर त्याचे ममत्व जडते. हे उदाहरण जसेच्या तसे जिल्हा परिषदेच्या शाळेला लावता येणार नाही, हेही तितकेच खरे. ज्या घरात दिवाळीलाही नवे कापड येत नाही, त्या घरच्या मुलाला शासनाने वर्षाला दोन जोड द्यावेत, यात गैर काहीच नाही. तो त्याचा हक्क आहे आणि तो वेळेवर, अंगाला बसेल असा आणि टिकाऊ मिळाला पाहिजे. आक्षेप दानाला नाही. आक्षेप आहे तो शाळेच्या कपड्याला स्काऊटचे नाव देऊन, स्काऊटिंग राज्यभर पोचवल्याचे समाधान मानून घेण्याला.

जे गणवेशाचे, तेच मानचिन्हांचे. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि सर्वांत वर राष्ट्रपती पुरस्कार, अशी स्काऊट-गाईडची चढण आहे. ‘सोपान’ हा शब्दच बोलका आहे. जिना चढताना मधली पायरी गाळता येत नाही. तंबू ठोकणे, चूल पेटवून रांधणे, नकाशा आणि होकायंत्राच्या आधारे वाट काढणे, जखमीला झोळीवरून वाहून नेणे, अंतराचा आणि उंचीचा अदमास घेणे, अशी कौशल्ये प्रत्येक पायरीवर तपासली जातात. मनापासून हा जिना चढलेले मूल कोणत्याही प्रसंगी हातपाय गाळून बसणार नाही.

परंतु या मानचिन्हांना गुणपत्रिकेची सावली पडली आहे. स्काऊट-गाईडमधील कामगिरीबद्दल दहावीच्या निकालात सवलतीचे गुण देण्याची सोय राज्यात आहे. ती करणाऱ्यांचा हेतू चांगला होता. मैदानावर आणि शिबिरात घाम गाळणाऱ्या मुलाचे परीक्षेत नुकसान होऊ नये, हा तो हेतू. मात्र गुण दिसू लागले की आपल्याकडील पालकांची दृष्टी कशी बदलते, हे सर्वजण जाणतात. मुलाची नोंदवही आई सुवाच्य अक्षरात लिहून देते. सेवाकार्याची छायाचित्रे एकाच सकाळी तीन वेगवेगळ्या जागी काढून घेतली जातात. ‘खरी कमाई’ या सुंदर उपक्रमाची कथा याहून वेगळी नाही. मुलाने स्वतः श्रम करावेत, चार पैसे मिळवावेत, श्रमाची आणि पैशाची किंमत जाणावी, यासाठी तो उपक्रम आहे. प्रत्यक्षात अनेक शाळांत त्या दिवशी इडली, भेळ आणि सरबताची दुकाने मांडली जातात. इडल्या आई पहाटे उठून करते, सामान वडील आणतात आणि गल्ल्यावर मूल बसते. ही कमाई खरी कोणाची, हा प्रश्न त्या मुलालाही पडत असेल. आईवडिलांच्या प्रेमाविषयी शंका नाही. पण त्या प्रेमापोटी मुलाच्या हातचा एक अनुभव हिरावला जातो. लहानपणी फुकटचा बिल्ला लावण्याची सवय लागलेला माणूस मोठेपणी फुकटची पदवी आणि फुकटचे पद यांची वाट पाहतो. समाजातील मोठ्या अप्रामाणिकपणाची बीजे अशा छोट्या तडजोडींत असतात.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा विषय नेतृत्वाचा. स्काऊट पथकात सहा ते आठ मुलांची एक तुकडी असते. तिला मराठीत ‘संघ’ आणि तिच्या प्रमुखाला ‘संघनायक’ म्हणतात. पथकाचे निर्णय संघनायकांच्या सभेत होतात. शिबिर कोठे न्यायचे, कोणाला कोणते काम द्यायचे, कोणाचे चुकले असेल तर त्याला कसे सुधारायचे, हे मुलेच ठरवतात. प्रौढ मार्गदर्शक मागे उभा असतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलावर सात सवंगड्यांच्या जेवणाची आणि सुरक्षिततेची जबाबदारी टाकणारी ही पद्धती म्हणजे या चळवळीचा प्राण होय. नेतृत्व भाषणस्पर्धेत शिकवता येत नाही. रात्री शिबिरात पाऊस आला आणि तंबूत पाणी शिरले, तर आधी कोणाला हलवायचे आणि शेवटी कोणी हलायचे, याच्या निर्णयातून ते येते.

आपल्या शाळांत मात्र संघनायक म्हणजे पाहुण्यांच्या स्वागताच्या दिवशी सर्वांत पुढे उभा राहणारा उंच, गोरागोमटा, पहिल्या क्रमांकाचा विद्यार्थी, असे चित्र बहुधा दिसते. पथक वर्षातून दोन-तीनदा जागे होते: ध्वजवंदनाला, तपासणीला आणि मेळाव्याला. उरलेले वर्ष गळपट्टे कपाटात असतात. याचा दोष एकट्या शिक्षकाला देणे अन्यायाचे होईल. स्काऊट मास्तर आणि गाईड कॅप्टन होण्यासाठी प्राथमिक, प्रगत आणि शेवटी हिमालय वूड बॅज अशी प्रशिक्षणाची वाट आहे. ती चालून गेलेले आणि पदरमोड करून मुलांना डोंगरदऱ्यांत नेणारे शिक्षक मराठवाड्यात आजही आहेत. परंतु त्यांच्या या कामासाठी वेळापत्रकात तासिका राखून ठेवणारी, त्यांची अन्य कामे कमी करणारी व्यवस्था कोठे आहे?

नेतृत्वाच्या नियमांची एक बाजू अशी आहे की जिच्याबद्दल मध्यमवर्गीय घरांत बोलण्याचा संकोच वाटतो. ती बाजू म्हणजे बालकांची सुरक्षा. ऑगस्ट २०२४ मध्ये तामिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यातील एका खासगी शाळेत एनसीसीच्या नावाने भरवलेल्या शिबिरात मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. ते शिबिरच बनावट होते. एनसीसीशी त्याचा काहीही संबंध नव्हता. एका माणसाने प्रशिक्षकाचा वेश घातला आणि शाळेने ओळख न पडताळता त्याच्या हाती मुली सोपवल्या. अमेरिकेतील बॉय स्काऊट्स या शतकभर जुन्या संघटनेवर फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर करण्याची पाळी आली. अनेक दशकांत दडपल्या गेलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल ८२ हजारांहून अधिक दावे तिच्यापुढे दाखल झाले आणि नुकसानभरपाईसाठी सुमारे २४६ कोटी डॉलरचा निधी उभारावा लागला. २०२५ मध्ये त्या संघटनेने आपले नावही बदलले. नाव बदलून इतिहास पुसला जात नाही. त्या अनुभवातून तेथे एक नियम मात्र काटेकोर झाला: कोणताही एक प्रौढ एकट्या मुलासोबत असता कामा नये, प्रत्येक कार्यक्रमाला किमान दोन जबाबदार प्रौढ हवेत.

हा नियम आपल्याकडील प्रत्येक बालसंघटनेने आपला मानला पाहिजे, मग तिचा ध्वज कोणताही असो. ‘आपल्यात असे होत नाही’ हे वाक्य सुरक्षेचे साधन होऊ शकत नाही. भारतात २०१२ पासून पॉक्सो कायदा आहे आणि गुन्हा ठाऊक असून न कळवणे हाही त्या कायद्याखाली गुन्हा आहे. गणवेश पाहून समाज विश्वास टाकतो. तो विश्वासच दुष्टाच्या हातचे शस्त्र होऊ शकतो. म्हणून ज्या वेशाला अधिक मान, त्याला अधिक पडताळणी, हे सूत्र असले पाहिजे. शिबिराला परवानगी देताना मार्गदर्शकाचे ओळखपत्र आणि नोंदणी मागणाऱ्या पालकाला कोणी संशयी म्हणू नये. तो आपले कर्तव्य करत असतो.

या पार्श्वभूमीवर जून २०२५ मधील एका घोषणेकडे पाहायला हवे. राज्याचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक स्वरूपाचे सैनिकी प्रशिक्षण देण्याचा मनोदय जाहीर केला आणि त्यासाठी माजी सैनिक, क्रीडाशिक्षक, एनसीसी आणि स्काऊट-गाईड यांचे साहाय्य घेण्याचे सांगितले. मुलांत देशप्रेम, व्यायामाची आवड आणि शिस्त यावी, या हेतूचे स्वागतच केले पाहिजे. मात्र स्काऊटिंग आणि सैनिकी शिक्षण यांची गल्लत होता कामा नये. या दोहोंचा भेद ज्यांनी अचूक ओळखला ते पंडित कुंझरूच होते. १९४६ मध्ये राष्ट्रीय छात्रसेनेचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९४८ मध्ये कायदा होऊन एनसीसी उभी राहिली. म्हणजे एकाच व्यक्तीने छात्रसेनेचा पाया घातला आणि स्काऊट चळवळीचेही नेतृत्व केले. पण एकात दुसरी मिसळली नाही. किशोरवयात पाय ठेवणाऱ्यांसाठी छात्रसेना आणि त्याहून लहानांसाठी खेळातून, निसर्गातून आणि सेवेतून घडवणारी स्काऊट-कब पथके, असा हा क्रम आहे. सहा वर्षांच्या मुलाला ‘सावधान-विश्राम’ शिकवून सैनिक होत नाही; त्याला पडलेल्या सवंगड्याला हात द्यायला शिकवले, तर पुढे सैनिकही होतो आणि नागरिकही.

खऱ्या अर्थाने नेतृत्व घडवायचे तर किती चिकाटी लागते, याचे उदाहरण छत्रपती संभाजीनगरातच आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मराठी मुलांची संख्या वाढावी, या हेतूने राज्य शासनाने १९७७ मध्ये येथे सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था सुरू केली. दहावीनंतर परीक्षा आणि मुलाखतीतून मोजकी मुले निवडायची आणि दोन वर्षे त्यांची तयारी करून घ्यायची, ही तिची पद्धत. खेड्यापाड्यांतून आलेली कित्येक मुले या वाटेने सैन्यदलांत अधिकारी झाली. २०२३ मध्ये मुलींसाठी अशीच संस्था नाशिकला सुरू झाली. तेथे गणवेश आधी वाटला जात नाही. आधी निवड होते, मग कष्ट होतात आणि खरा गणवेश तर त्यानंतरच्या अनेक कसोट्या पार केल्यावर अंगावर येतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट शासनाची. शाळेचा गणवेश शाळेचाच राहू द्यावा. स्काऊट-गाईडचा गणवेश जेथे नोंदणीकृत पथक आणि प्रशिक्षित मार्गदर्शक आहे, तेथेच आणि दीक्षाविधीनंतरच द्यावा. गरजू मुलाला त्याचा खर्च शासनाने जरूर द्यावा. राज्यभर कागदावरची पथके दाखवण्यापेक्षा प्रत्येक केंद्रात एक जिवंत पथक असले तरी पुरे आहे. मार्गदर्शक शिक्षकाला आठवड्यातील निश्चित तासिका मिळावी आणि ती कोणत्याही सर्वेक्षणासाठी हिरावली जाऊ नये. सवलतीचे गुण द्यायचेच असतील, तर ते देण्यापूर्वी शाळेबाहेरच्या परीक्षकाने मुलाकडून प्रत्यक्ष काम करवून घ्यावे. वहीचे वजन मोजू नये.

दुसरी गोष्ट समाजाची, आणि ती कार्यकर्त्यांनी मनावर घेण्याजोगी आहे. या शहरात निवृत्त सैनिक आहेत, परिचारिका आहेत, अग्निशमन दलात आयुष्य घालवलेली माणसे आहेत, सह्याद्रीच्या वाटा पाठ असलेले गिर्यारोहक आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आठवड्याची एक संध्याकाळ जवळच्या शाळेच्या पथकाला दिली, तर शिक्षकाचा भार हलका होईल आणि मुलांना कौशल्ये जाणत्या हातांकडून मिळतील. अर्थात पडताळणीचे आणि दोन प्रौढांच्या उपस्थितीचे नियम या सज्जनांनाही लागू असले पाहिजेत. सज्जनांनी ते आनंदाने पाळले तरच इतरांवर त्यांचा धाक राहील. सेवेच्या जागा शोधायला दूर जावे लागत नाही. पैठणची नाथषष्ठी, वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाची महाशिवरात्र, खुलताबादच्या भद्रा मारुतीची यात्रा, खाम नदीच्या काठाची स्वच्छता अशी कामे दारात आहेत. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थातील मुख्य स्नाने आहेत. शंभर वर्षांपूर्वी प्रयागच्या मेळ्यांत सेवा समितीच्या मुलांनी जे केले, ते गोदाकाठी मराठवाड्यातील मोठ्या वयाच्या स्काऊट-गाईड आणि रोव्हर-रेंजर यांना का करता येऊ नये? मात्र तयारी आजपासून हवी. वरातीमागून घोडे दामटून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट घराची. आईवडिलांनी मुलाची वही लिहू नये, इडल्या करून देऊ नयेत, शिबिरात रोज तीनदा फोन करू नये. गाठ सुटली तर सुटू द्यावी. मूल ती पुन्हा बांधील. बिल्ला मिळाला नाही म्हणून मूल रडले तर शिक्षकाशी भांडायला जाण्याऐवजी, पुढच्या खेपेला काय कमी पडता कामा नये, एवढेच त्याच्याशी बोलावे. त्याच वेळी शिबिर कोण घेणार आहे, सोबत कोण असेल, मुलींसाठी कोणती व्यवस्था आहे, हे प्रश्न मात्र निःसंकोच विचारावेत. मुलाला कष्ट पडू द्यावेत, पण त्याला धोक्यात टाकू नये.

गणवेशाचा कारभार आता पुन्हा गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आला आहे. त्या समितीत बहुसंख्य सदस्य पालकच असतात. तेव्हा पुढच्या बैठकीत कापडाचा दर आणि शिंप्याचे बिल मंजूर करून झाले की, आपल्या शाळेत स्काऊट-गाईडचे पथक आहे काय, त्याची शेवटची सभा केव्हा झाली आणि दीक्षा घेतलेली मुले किती, एवढे तीन प्रश्न त्यांनी इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत. उत्तर समाधानकारक नसेल, तर त्या वर्षी गळपट्टे खरेदी करू नयेत. त्या पैशांत दोरखंड, प्रथमोपचाराची पेटी आणि एक तंबू घ्यावा आणि मुलांना कामाला लावावे. गळपट्ट्याची वेळ नंतर आपोआप येईल.